नियम नववा आणि गार्डीणबाई

माघ महिना, रविवार, सकाळ. जागा: कर्जतच्या शाळेची पडवी. काम: मधमाश्या पाळणाऱ्यांचे मंडळ स्थापन करणे.

हजर: भाऊसाहेब वकील, दहिवली (अध्यक्ष). हेडमास्तर, कर्जत. दामूशेठ वाणी, चौक. नारायण पाटील, कळंब. हिरू ठाकर, कशेळ्याच्या वरची वाडी. मी, चिटणीस.

उशिरा हजर, न बोलावता: सौ. भागीरथीबाई, कर्जत.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या हिवाळ्यातली ही सभा. उशिरा हजर झालेल्या बाईंमुळे ते मंडळ वाढले आणि त्यांच्यामुळेच बंद पडले, म्हणून त्यांच्याबद्दल एकदा नीट लिहून ठेवतो.

त्यांचे यजमान मालगाडीचे गार्ड होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. स्टेशनाच्या बाजूला सगळे त्यांना गार्डीणबाई म्हणत. त्या दिवशी नऊवारी लुगड्यावर नवऱ्याचा रेल्वेचा काळा कोट, गळ्यात काळ्या दोऱ्याने बांधलेली गार्डाची शिट्टी आणि डोक्यावर रॉकेलचे लाकडी खोके अशा थाटात त्या पडवीत शिरल्या. खोक्याच्या तोंडावर ओले फडके बांधलेले होते आणि आतून गुणगुण येत होती. कुणा बाईमाणसासाठी भाऊसाहेब खुर्चीवरून उठलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले, आणि ते उठले ते मागे सरकण्यासाठी. बाईंनी खोके त्यांच्या इंग्रजी पुस्तकावर ठेवले आणि मला नाव लिहायला सांगितले. मी "गार्डसाहेबांचे कुटुंब" असे लिहू लागलो. गार्डांनी त्यांना गाड्यांच्या वेळापत्रकावरून अक्षरे शिकवली होती. त्यांनी टेबलाच्या पलीकडून उलटे वाचले.

"कुटुंब नको," त्या म्हणाल्या. "माशी माझी हाय, त्यांची नाय. भागीरथी लिव्हा."

मी खोडून तसे लिहिले.

खोक्यातली माशी त्यांच्या माहेरची होती. कशेळ्याला त्यांच्या आईच्या घराच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा होता. तो बाहेरून फळीने बंद केलेला होता आणि बाई लहान होत्या तेव्हापासून त्यात सातेरी, म्हणजे अंधाऱ्या पोकळीत पोळी बांधणाऱ्या देशी माश्यांचे घर होते. आई वर्षातून एकदा फळी काढी, कडेचे एक पोळे बांबूच्या कामटीने कापून घेई आणि बाकीच्याला हात लावत नसे. आदल्या पावसाळ्यात ती गेली. भावाने विटांचे घर बांधायला जुनी भिंत पाडायला काढली, तेव्हा गार्डीणबाई हिरूला घेऊन गेल्या, पोळी अलगद सोडवली आणि आईच्या लुगड्याचे काठ फाडून त्या पट्ट्यांनी ती काठ्यांना बांधली. मग बैलगाडीतून मांडीवर खोके घेऊन कर्जतला आल्या. जमीन भावाकडे गेली, दागिने भावजयीकडे. आईचे म्हणून आपल्या वाट्याला एवढेच आले, असे त्यांनी त्याच सभेत सगळ्यांना सांगितले. त्यात तक्रार नव्हती. आपण काय सांभाळतो आहोत हे लोकांना माहीत असावे, इतकाच हेतू होता.

आता भाऊसाहेबांविषयी. ते वाईट गृहस्थ नव्हते. खालापूरच्या कचेरीत त्यांच्या शब्दाला वजन होते, माश्यांची हौस खरी होती, पहिल्या लाकडी पेट्या त्यांनीच मुंबईहून आणल्या आणि कर्जतच्या सुताराला नमुना दिला. दहिवलीच्या वाडीत हिरव्या रंगाच्या पेट्यांची रांग लावून ते पाहुण्यांना झाकण उघडून दाखवत. पण जे काही असेल ते पहिले आपल्याकडे असावे, असा त्यांचा स्वभाव. मंडळाचे नियमही त्यांनीच रचले. चिटणिसाला मत नसावे, हा दुसरा. भाषण मात्र त्यांना आवरत नसे. एकदा ते राणी माशीच्या महतीवर बोलत असताना गार्डीणबाई माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "यांना मागनं इंजिन लावलंय, घाट सरला तरी ढकलतंय." कर्जतला गाड्यांना मागून इंजिन जोडताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे समजेल. मला हसू लपवायला दौत सांडावी लागली.

गार्डीणबाईंच्या सवयी सांगतो. पेटी उघडताना कोट अंगात हवाच, उन्हाळा असो की पावसाळा. पेटीशी उभे राहून कुणी बोललेले त्यांना चालत नसे. स्वतः मात्र बोलत. सकाळी माश्या कामाला निघाल्या की "सुटली गं अप" आणि संध्याकाळी परतू लागल्या की "आली गं डाऊन". थवा उठला की शिट्टी. ती शिट्टी नदीपलीकडेही ऐकू जाई.

आणि राग. कशेळ्याच्या बाजारात एक भाजीवाला होता. त्याने कधीकाळी त्यांच्या आईला किडकी वांगी घातली होती. गार्डीणबाई माहेरी गेल्या की बाजारात जात, इतर सगळ्यांकडून भाजी घेत, मग भरलेली टोपली घेऊन त्याच्या पालासमोर थांबत, टोपलीवरचे फडके बाजूला करून त्याला भाजी दाखवत आणि पुढे जात. बोलत काही नसत. भाजीवाला म्हातारा झाला, पालावर त्याचा जावई बसू लागला. बाई जावयालाही दाखवत.

मंडळाला दोन-तीन महिने झाले होते. चैत्रातल्या एका दुपारी शिट्टी वाजली. पेटीच्या पायांखाली मुंग्या अडवायला ठेवलेल्या पाण्याच्या वाट्यांपैकी एक आटली होती, तिथून मुंग्या चढल्या होत्या. सातेरी माशी हे सोसत नाही. ती सगळीच्या सगळी घर सोडते. आईच्या घरची माशी ढगासारखी उठली आणि उल्हास नदीवरून दहिवलीकडे निघाली. बाई पुलाकडे वळल्याच नाहीत. कोटासकट नदीत उतरल्या, गुडघाभर पाण्यातून, दगडांवरून, शिट्टी वाजवत. माश्या वकिलांच्या ओट्यावर ठेवलेल्या नव्याकोऱ्या रिकाम्या पेटीत शिरल्या.

पुढचे मला हिरूने सांगितले. तो तेव्हा वकिलांच्या वाडीत कुंपणाच्या कामाला होता. बाईंनी विनंती केली की संध्याकाळी आपली पेटी घेऊन येते, माश्या त्यात उतरवून नेते. वकील हसले आणि म्हणाले की माशीच्या पाठीवर काही कुणाचे नाव कोरलेले नसते.

"नाव नाय," बाई म्हणाल्या. "पन आईच्या घरची हाय, भाऊसाहेब. तुमाला दुसरी आनून देते. हिरू डोंगरातनं आनंल, हिच्यापरीस मोठी. ही तेवढी द्या."

वकिलांनी चहा घ्यायला सांगितले आणि प्रश्न तत्त्वाचा आहे, मंडळापुढे ठेवू, असे म्हणाले. हिरू म्हणे, बाईंच्या कोटातून पाणी गळत होते, त्याचे ओट्यावर तळे झाले, तेवढा वेळ त्या उभ्या होत्या. मग गेल्या.

वैशाखातल्या सभेत नववा नियम आला. उठलेला थवा ज्या सभासदाच्या पेटीत बसेल त्याच्या मालकीचा धरावा. पूर्वीच्या मालकाचा हक्क राहू नये. हेडमास्तरांनी हात वर केला, कारण शाळेच्या जागेचा दावा वकिलांकडे होता. पाटलांचे आणि वाण्यांचेही असेच काहीतरी चालू होते. मग गार्डीणबाईंनी मला तो नियम वाचायला लावला. पुन्हा एकदा वाचायला लावला.

"ह्यो सगळ्यांना?" त्यांनी विचारले.

"सर्वांना. मला सुद्धा," भाऊसाहेब म्हणाले.

बाईंनी हात वर केला. "लिव्हा, चिटनीस. सगळ्यांच्या मतानं."

भाऊसाहेब खूष झाले. बाईमाणूस समंजस निघाले, असे त्यांनी दामूशेठना सांगितले. मी समोर बसलो होतो आणि बाईंचा चेहरा मला दिसत होता, म्हणून मला तसे वाटले नाही.

पुढच्या हिवाळ्यात दहिवलीला पेट्या दिसू लागल्या. न्हाव्याच्या छपरावर एक. तेल्याच्या गोठ्याच्या आढ्याला एक. देवळामागच्या चिंचेच्या बेचक्यात एक. पुलाच्या तोंडाशी आणखी एक. वकिलांच्या वाडीला चारी बाजूंनी वेढा पडला होता. सगळ्या जुन्या लाकडाच्या, आतून जुन्या मेणाने घासलेल्या आणि रिकाम्या. थव्याला नव्या रंगाच्या वासापेक्षा जुन्या मेणाचा वास आवडतो. जागा देणाऱ्या प्रत्येकाला मधाची बाटली कबूल होती. भाऊसाहेबांनी न्हाव्याला नोटिशीची भीती घातली, तेव्हा त्याने सांगितले की साहेब, मला त्यात कोंबडी बसवायची आहे.

त्यात भाऊसाहेबांचीच एक खोड बाईंच्या कामी आली. माश्या वाढल्या की पेटीवर मधाची कोठी चढवून त्यांना जागा द्यावी लागते, नाहीतर त्या थवा काढतात. पण कोठी चढवली की माश्या विरळ दिसतात. पाहुण्यांना पेटी गच्च भरलेली दिसावी म्हणून भाऊसाहेब कोठी चढवायला उशीर करत. त्यांचे थवे उठू लागले आणि बाईंच्या पेट्यांत बसू लागले. थवा बसला की शिट्टी वाजे. कर्जतच्या बाजारात लोक मान वर करून म्हणत, "वकिलाची गाडी सुटली." सभेत बाई उभ्या राहून नोंद करायला सांगत: भाऊसाहेबांकडची एक, नियम नववा. आवाज अगदी साधा, स्टेशनावर पार्सल सोडवून घ्यावे तसा.

दुसऱ्या वर्षी भाऊसाहेबांनी नियम बदलायची सूचना आणली. तोवर बाईंनी मिळवलेल्या माश्यांच्या एकेका घराची दोन-दोन करून ती सगळ्या सभासदांना वाटली होती. चौकला, कळंबला, हिरूच्या वाडीवर, शाळेच्या परसात बाईंच्याच माश्या होत्या. मंडळ इतके भरभराटीला कधीच आले नव्हते. सूचनेला हात एकच वर झाला, सूचना मांडणाऱ्याचा.

हवी ती माशी मात्र येत नव्हती. आईच्या घरच्या माशीची पेटी भाऊसाहेबांच्या ओट्यावर होती आणि त्या पेटीतून थवा उठतच नव्हता. मी व्यवहारी माणूस. बाईंना एकदा म्हणालो की त्यांचे सगळे थवे परत देऊन ती एक पेटी मागा, ते आनंदाने देतील. त्या पेट्यांतल्या, पोळे धरणाऱ्या लाकडी चौकटी पुसत होत्या. आईच्या लुगड्याच्या काठांनी बांधलेली ती जुनी पोळी त्यांनी रिकाम्या खोक्यात तशीच जपली होती आणि ते खोके दर आठवड्याला झाडूनपुसून ठेवत.

"राग आला की मानूस वरडतो," त्या म्हणाल्या, "आनि वरडला की मोकळा व्हतो. मला मोकळं व्हायचं नाय. त्यांनी सोताच्या हातानं आनून द्यायची. मागायची नाय मी आता."

गार्डसाहेब ओट्यावर घड्याळाला किल्ली देत बसले होते. फार शांत गृहस्थ. ते म्हणाले, "भागी, पुरे कर." बाईंनी विचारले की तुम्ही झेंडी दाखवायचे सोडून दिले ना? गार्डसाहेब पुन्हा किल्ली देऊ लागले.

तिसऱ्या वर्षीच्या माघातल्या सभेत भाऊसाहेबांनी एक मागणी केली. आपल्या एका पेटीतली राणी वाया गेली आहे. कुणी अंडी असलेली एक चौकट दिली तर माश्या त्यातून नवी राणी करतील आणि घर वाचेल. मागणी रास्त होती. मंडळ काढले ते असल्याच कामासाठी. पण सगळ्यांकडच्या माश्या बाईंकडून आलेल्या, तेव्हा सगळ्यांनी बाईंकडे पाहिले.

"कंची पेटी?" बाईंनी विचारले.

भाऊसाहेबांनी क्षणभर टेबलाकडे पाहिले. "आहे एक," ते म्हणाले.

"चिटनीस, अंडी देयाचं नियमात कुठं लिवलंय ते वाचा बरं."

मी सगळे नियम वाचले. कुठेच नव्हते. मग त्यांनी मला नववा पुन्हा वाचायला सांगितला. दामूशेठ हसले, पाटील हसले, हेडमास्तरांनी पगडी सारखी केली. हसू थांबल्यावर भाऊसाहेबही थोडे हसले. चौकट कुणी दिली नाही.

चैत्र लागता लागता मी बाईंकडे पेट्यांची मोजदाद करायला गेलो होतो. पुलावरून भाऊसाहेब पायी येताना दिसले. बरोबर गडी नव्हता. उपरण्यात गुंडाळलेली हिरवी पेटी त्यांनी स्वतः छातीशी धरली होती. ती पायरीवर ठेवून ते म्हणाले, "ही तुमची. आता हिच्यात काही राहिलेलं नाही."

पेटीच्या दारावर जाळी ठोकलेली होती. ही जाळी अशी असते की कामकरी माशी तिच्यातून जाते, पण अंगाने मोठी असलेली राणी अडते. नवा थवा पळून जाऊ नये म्हणून ती चार दिवस लावायची आणि काढून टाकायची. भाऊसाहेबांनी ती काढलीच नव्हती. खिळे गंजले होते. जुनी राणी होती तोवर निभले. ती थकली, माश्यांनी नवी राणी केली. पण नव्या राणीला एकदा बाहेर उडून नरांशी संग करून यावे लागते, तेव्हाच तिच्या अंड्यांतून कामकरी माश्या निपजतात. जाळीमुळे ती आतच राहिली. तिने नरांचीच अंडी घातली. नर काम करत नाहीत, नुसते खातात.

बाईंनी कोट घातला नाही. तशाच बसल्या आणि झाकण काढले. आत काळे जाडे नर होते आणि लव झडून चकचकीत झालेल्या मूठभर म्हाताऱ्या माश्या.

"जाळी कवा लावली?"

"आली त्याच संध्याकाळी."

"आनि काढायची नव्हती?"

"काढली असती तर तुम्ही नेली असती."

"नेली असती," बाई म्हणाल्या. त्यांनी एक चौकट उचलून उन्हात धरली आणि परत ठेवली. "माघात मी इचारलं हुतं, कंची पेटी म्हून."

"विचारलं होतंत."

गार्डसाहेबांनी आतून हाक मारली, भागी, चहा टाक. बाईंनी विचारले, कुणासाठी? भाऊसाहेबांनी उपरणे झटकले आणि ते पुलाकडे चालू लागले. त्यांनी स्वतःच्या हातांनी आणून द्यावी, हे बाईंचे म्हणणे अक्षरशः खरे झाले होते.

वाटले होते की आता हे संपेल. पुढच्या सभेला बाई आल्या आणि पकडीने उपटलेली ती जाळी त्यांनी अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवली. सभा संपल्यावर उचलून नेली. त्याच्या पुढच्या सभेला तेच. भाऊसाहेबांनी दोन सभा काढल्या आणि राजीनामा पाठवला. बाईंनी राजीनामा नामंजूर करायची सूचना मांडली आणि ती मंजूरही करून घेतली. म्हणजे खुर्ची त्यांचीच राहिली, आणि रिकाम्या खुर्चीसमोर दर सभेला जाळी. त्या जाळीकडे बघत बसणे कुणाला नको वाटू लागले. आधी पाटील यायचे बंद झाले, मग दामूशेठ, मग हेडमास्तरांना रविवारी कामे निघू लागली. शेवटच्या सभेला हजर: भागीरथीबाई, हिरू, मी. गणसंख्येअभावी तहकूब.

गेल्या पावसाळ्यात गार्डसाहेब वारले. मुलगी इगतपुरीला, जावई तिथल्या इंजिनांच्या शेडमध्ये. बाईंनी तिकडे जायचे ठरवले आणि मला बोलावून पेट्या कुणाला द्यायच्या ते सांगितले. सभेला न येणाऱ्यांनाही दिल्या. न्हाव्याला, तेल्याला दिल्या. हिरूने भीत भीत विचारले की वकिलांकडे आता एकही नाही, ओटा मोकळा पडलाय, एक देयाची का? बाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि मला पुढचे नाव सांगितले.

मी त्यांना पोचवायला स्टेशनावर गेलो. पलीकडच्या रुळावर घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिन जोडत होते, तिचे डबे हिसके खात होते. बाई आपल्या गाडीत खिडकीशी बसल्या होत्या. अंगात काळा कोट, गळ्यात शिट्टी, आणि त्याच दोऱ्यात ओवलेली ती गंजकी जाळी. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला भाऊसाहेब उभे होते. बरेच वाकले आहेत आता. ते कधी आले ते मी पाहिले नव्हते. गाडी हलली तसे ते दोन पावले पुढे आले आणि त्यांनी हात जोडले. बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले, ओळख पटेल इतके. मग खिडकीची लाकडी झडप खाली ओढली.

त्यांनी माझ्याकडे एक काम सोपवले आहे. आईच्या लुगड्याच्या पट्ट्या असलेले ते रॉकेलचे खोके माझ्या पडवीत आहे. कशेळ्याला त्यांच्या माहेराच्या मागे उंबराच्या ढोलीत माश्या आहेत, आणि त्या त्याच भिंतीतल्या माशीच्या असाव्यात, आई असताना कधीतरी उठलेल्या थव्याच्या, असे हिरूचे म्हणणे. यंदा डोंगराला कारवी फुलायचे वर्ष आहे, सात-आठ वर्षांनी एकदा येणारे. कारवीवर माशी वाढेल, थवा काढील. त्याआधी खोके आतून मेणाने घासून उंबरासमोर बांधायचे. दार ईशान्येला, म्हणजे दहिवलीकडे पाठ. हे त्यांनी मला दोनदा सांगितले. जाळी लावायची नाही, हे तीनदा. माशी बसली तर ज्यांची पेटी त्यांचीच ती, नियम नववा. त्यासाठीच तो मी अजून रद्द करून घेतलेला नाही.

दोर आणला आहे. मेण आहे. हिरूचा निरोप दोन वेळा येऊन गेला. खोके अजून बांधायचे आहे.